गावंडे सर आणि उलट्या खुर्च्या

आमचे गावंडे सर सकाळी ऑफिसात आले की आधी सगळ्या खुर्च्या उचलून टेबलांवर उलट्या ठेवतात. नोकरीच्या पहिल्या दिवशी मला वाटलं, फरशी धुवायची असेल. मी मुकाट्याने चपला हातात घेऊन कोपऱ्यात उभी राहिले. सर म्हणाले, "चपला घाल बाप्पा. मीटिंग हाय."

बसलं की माणूस बोलत सुटतो, उभं राहिलं की पाय दुखतात आणि मुद्दा लवकर येतो, असं सरांचं ठाम मत. म्हणून रोजची मीटिंग उभ्याने, आणि प्रत्येकाला तीनच प्रश्न. "काल काय केलं? आज काय करशीन? आन् काय अडून राह्यलं?"

पहिल्या दोन उत्तरांना सर नुसती मान हलवतात. खरा जीव तिसऱ्यात. तिथे कोणी "काही नाही" म्हटलं की चष्मा कपाळावर जातो. "काही नाई असं नसतेच! मानसाचं काही ना काही अडतेच. बोल." मग अडचण बाहेर येते आणि सर सगळ्यांकडे बघून विचारतात, "कोन घेते?" कोणाचा तरी हात वर झाल्याशिवाय खुर्च्या खाली येत नाहीत. एकदा कोड लिहिणाऱ्या आमच्या नितीनने वेळ मारून न्यायला सांगितलं, "सर, गाडीचा क्लच अडून राह्यला." सर तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "कोन घेते?" शेवटी ती गाडी मी राजापेठेतल्या गॅरेजपर्यंत ढकलत नेली.

अमरावतीत एका औषधाच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस. आम्ही पाच जण सॉफ्टवेअर करतो. मी टेस्टर, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढते. स्वभावच तसा आहे, पगार वरून मिळतो. मालक पुण्यात असतात. सरही बरीच वर्षं तिकडेच होते, पण मूळचे मूर्तिजापूरकडचे म्हणून इथलं ऑफिस उघडायला त्यांनाच धाडलं. त्यांची बायको पुण्याच्या कॉलेजात शिकवते, मुलगी तिथेच दहावीला आहे. सर इथे भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात.

ऑफिसच्या भिंतीवर एक फळा आहे. त्यावर तीन रकाने: 'करनं हाय', 'करून राह्यलो' आणि 'झालं'. कामाच्या चिठ्ठ्या डावीकडून उजवीकडे सरकतात. मधल्या रकान्यात एका माणसाची एकच चिठ्ठी, असा दंडक. नितीनने उत्साहाच्या भरात दोन लावल्या, तर सरांनी एक काढून स्वतःच्या खिशात घातली. "एका तोंडात दोन घास कोंबते का कोनी?" आणि 'झालं' म्हणणं तर त्याहून कठीण. "तुह्या कॉम्प्युटरवर चालते, त्याले झालं नाई म्हनत. ज्याच्यासाठी केलं त्यानं वापरलं का मंग झालं."

दर पंधरवड्याला काही ना काही चालतं करून दाखवायचंच. गिऱ्हाईक नसेल तर खालच्या औषधवाल्याला वर बोलावतात. "सांगू नोको, दाखव," सर म्हणतात. औषधवाल्याने "हे बटन कायचं?" असं विचारलं की ते बटण संध्याकाळपर्यंत गेलेलं असतं.

एकदा त्यांनी आम्हाला घरी जेवायला बोलावलं. वांग्याची भाजी होती, पण आधी प्रत्येकाच्या तळहातावर चमचाभरच. "मीठ? तिखट?" आमची मतं घेऊन पातेलं पुन्हा शेगडीवर. असे तीन-चार फेरे झाल्यावर भाजी अशी काही उतरली की आम्ही बोटं चाटत राहिलो. जेवलो मात्र पत्रावळींवर, कारण घरात ताट एकच होतं. "सर, एकच ताट?" नितीनने विचारलं. सर म्हणाले, "एका वेळी एक. लागन तसं वाढवू." तत्त्व स्वयंपाकघरापर्यंत पोचलं म्हणून आम्ही पोट धरधरून हसलो.

मग अकोल्याकडच्या एका बाजार समितीचं काम आलं. सोयाबीनच्या हंगामात गेटवर ट्रॅक्टरची रांग लागते, ती मोडायची होती. शेतकऱ्याने घरूनच मोबाइलवर नंबर लावावा आणि आपल्या वेळेला यावं, एवढंच. पण मालकांनी फोनवर स्पष्टच सांगितलं: हंगामाच्या पहिल्या दिवशी हे चाललं तर ठीक, नाहीतर अमरावतीचं ऑफिस बंद आणि सगळे पुण्याला. मला तर जायचंच नव्हतं. आईबाबा इथे, घर इथे, आणि पुण्यात आपण नुसतं "काहून?" म्हणून कारण विचारलं तरी लोकांना वाटतं भांडायला आलो.

नोकरी टिकवायची म्हणून आम्ही ठरवलं, सगळंच करून टाकू. बाजारभाव, हवामान, नकाशा. सरांनी साऱ्या चिठ्ठ्या 'करनं हाय'मध्ये सरकवल्या आणि एकच पुढे ठेवली: 'माहा नंबर कितवा?' "गेटवर उभ्या मानसाले हा एकच प्रश्न पडते," ते म्हणाले. पंधरवड्यात तेवढंच तयार झालं आणि सर आम्हाला घेऊन अकोल्याच्या एसटीत बसले. मला तर लाज वाटत होती. जावयाला नुसता भात वाढल्यासारखं वाटत होतं.

बाजार समितीच्या यार्डाचे सुपरवायझर तायडे साहेब गळ्यात शिट्टी अडकवून हंगामाआधीच्या थोड्याशा गाड्यांच्याही रांगा लावत होते. त्यांनी मोबाइल उलटापालटा करून पाहिला. "इतकंच?"

"इतकंच. वापरून पाहा," सर म्हणाले.

एका गावचे ट्रॅक्टर मागोमाग उभे होते. पहिल्याला नंबर मिळाला. दुसऱ्याला उत्तर आलं, 'तुमचा नंबर आधीच लागला आहे.' तिसऱ्यालाही तेच. तायडे साहेबांनी शिट्टी तोंडाजवळ नेली. चौकशी केली तेव्हा कळलं, साऱ्या गावाने एकाच माणसाचा मोबाइल नंबर दिला होता, गजाननभाऊंचा.

"त्याच्या फोनची बॅटरी टिकते," एक शेतकरी शांतपणे म्हणाला. "आन् तो उचलतेबी."

नितीनने एक फोन म्हणजे एक माणूस धरला होता. माझ्या काकांच्या गॅसचा मेसेज आजही शेजाऱ्याच्या फोनवर येतो, तरी मलाही हे सुचलं नव्हतं. नितीनचा चेहरा उतरला. सर मात्र लग्न जमल्यासारखे खूश. "आज सापडलं! हंगामात सापडलं असतं त गेलो होतो आपुन!" त्यांनी सगळ्यांना कचोरी खाऊ घातली, तायडे साहेबांनाही.

पुढच्या पंधरवड्यात नंबर फोनऐवजी गाडीवर लागू लागला. त्यावर एका आजोबांनी विचारलं, "माह्या म्होरं किती?" त्याच्या पुढच्या खेपेला तेही आलं. दर खेपेला थोडंसंच न्यायचं, बोलणी खायची आणि नवी चिठ्ठी घेऊन परतायचं.

हंगामाचा पहिला दिवस उजाडला. ट्रॅक्टर आपापल्या वेळेला आले, माल उतरला, गेले. गजाननभाऊ वधूपित्याच्या थाटात गावच्या गाड्या आत सोडत होते. एक शेतकरी दुपारच्या आत मोकळा झाला आणि गोंधळून उभाच राहिला. "इतक्या लौकर घरी जाऊन काय सांगू? बायको म्हनन, माल इकलाच नाई!" तायडे साहेबांची शिट्टी दिवसभर खिशात होती. मालकांचा फोन आला: अमरावतीचं ऑफिस राहणार. आम्ही आरडाओरडा केला. नितीन वजनकाट्यावर नाचला आणि काट्यावरचे आकडेही नाचले.

"चला, उभे राहा," सर म्हणाले. त्याही दिवशी मीटिंग! यार्डातल्या कडुलिंबाखाली आम्ही गोल केला, तायडे साहेबही येऊन उभे राहिले. सगळ्यांचं झालं. आणि माझ्या एकदम लक्षात आलं की सरांना तिसरा प्रश्न आजवर कोणी विचारलेलाच नाही.

"सर, तुमचं काय अडून राह्यलं?"

"काही नाई."

"काही नाई असं नसतेच!" आम्ही सगळे एका सुरात ओरडलो.

चष्मा कपाळावर गेला. "ऑफिस बंद झालं असतं, त मीबी पुण्याले गेलो असतो," सर हळूच म्हणाले. "पोरगी रोज इचारते, पप्पा कधी येता. आता नाई जमत. चांगलंच झालं, लय चांगलं झालं. पन रात्री जेवाले बसलो का ताट एकच असते. तेवढं अडते."

त्या ताटावर आम्ही किती हसलो होतो! हे ऑफिस राहावं म्हणून सगळ्यांत जास्त राबला तो हा माणूस, आणि हरला असता तर आपल्या घरी गेला असता. मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि रडूही आलं. मी विचारलं, "कोन घेते?"

सगळ्यांचे हात वर गेले. तायडे साहेबांचाही.

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. "एका वेळी एक, लेकहो," ते म्हणाले. "आज एकानं घ्या. बाकीचे 'करनं हाय'मंधी."

आज मी घेतलं, रात्रीचं जेवण सरांकडे. परतताना अकोल्याच्या बाजारात थांबून स्टीलचं एक ताट विकत आणलं. एकच. लागेल तशी वाढवू.