निवेदिकाबाईंच्या थरथरत्या हाताची कैफियत

प्रथम नमन आगाराच्या भोंग्यास, की जो सर्वांस हाका मारतो आणि कोणाचेच ऐकत नाही. दुसरे नमन कचेरीतील त्या थोर पुरुषांस, की ज्यांस कशाचेही भय वाटत नाही, कारण नवे म्हणून त्यांनी काही केलेलेच नाही. त्यांचे कौतुक पुढे यथास्थित येईल. बसगाड्यांचे आगारी निवेदिकाबाईंनी भयाशी जी मोहीम केली, ती जैसी घडली तैसी येथे लिहिली आहे. लिहिणाराचा स्वभाव कडू, तो वाचणाराने सोसावा.

निवेदिकाबाई म्हणजे ध्वनिक्षेपकाच्या खोलीच्या खाशा धनीण. एकोणीस वर्षे काचेच्या खिडकीआड बसून कोणती गाडी कोणत्या फलाटावर याची फर्माने सोडीत, आणि हजारो लोक ती ऐकून इकडचे तिकडे धावत, आणि हा आवाज कोणाचा हे एकासही ठाऊक नव्हते. खोलीचा कायदा ऐसा की, आधी कळ दाबावी, मग बोलावे, आणि पुन्हा कळ दाबून तेच पुन्हा बोलावे, कारण प्रवासी पहिल्या खेपेस ऐकत नाहीत. हा कायदा बाईंच्या अंगी इतका मुरला की, घरीही ‘जेवायला या’ दोनदा म्हणत.

ऐसे असता वरिष्ठ कचेरीचा खलिता दाखल जाहला. मजकूर ऐसा की, येथून पुढे गाड्यांची वर्दी यंत्रात भरलेल्या आवाजाने द्यावी काय, याची मसलत करण्यास नऊ जणांची समिती येत आहे. निवेदिकेने सभागृहात समोर उभे राहून या कामी माणूस कशास हवा ते दहा मिनिटांत सांगावे. न पटल्यास तिची रवानगी विसरलेल्या वस्तूंच्या खोलीत, बेवारस छत्र्यांवर अंमल करण्यास. खलिता वाचताच बाईंची पाचावर धारण बसली. हजारोंस पळविणारी ही रणरागिणी, आणि नऊ माणसांचे नाव काढताच तळहातास घाम सुटला आणि हातांनी तर उघड फितुरी केली.

मग सल्लागारांची फौज चालून आली, कारण सल्ला देण्यास कोणाच्या बापाचे काय जाते. तिकीट खिडकीच्या कारकुनाने दीर्घ श्वास घेण्याचा हुकूम केला, तो बाईंनी इतका पाळला की घेरी येऊन खुर्चीत बसल्या. भांडारपालाने फर्माविले की, समोरचे लोक कोबीचे गड्डे आहेत ऐसे समजावे. हा गृहस्थ स्वतः आजवर कोबीसमोरही बोललेला नाही. सरतेशेवटी खुद्द आगारप्रमुख साहेब उठले आणि छाती काढून म्हणाले, “माझ्याकडे बघा. मला कधीच टेन्शन येत नाही.”

हे मात्र खरे. साहेबांपाशी एक भाषण आहे. ते अकरा वर्षांचे जुने, घडीवर फाटलेले, आणि नव्या गाडीच्या उद्घाटनास तेच, शोकसभेस तेच, निरोपास तेच, फक्त नाव आणि शेवटची ओळ बदलावयाची. जो अकरा वर्षे एकाच पायरीवर उभा, तयास पडण्याचे भय कशाचे? कचेरीत यासच धैर्य म्हणतात.

बाई घरी आल्या आणि धाकट्या नणंदेपुढे हत्यार टाकले. ही नणंद लोकांस मोटार चालविण्यास शिकविते आणि जिभेने फार धारेची.

“वन्सं, मला नाही जमायचं. मी आपली छत्र्या सांभाळते. त्या निदान माझ्याकडे बघत तरी नाहीत.”

“हात थरथरतायत का?”

“हे बघा ना.”

“बरं झालं. वहिनी, पहिल्या दिवशी ज्याचे पाय क्लचवर लटपटतात ना, तो शिकतो. जो शिट्टी वाजवत बसतो, तो तिसऱ्या दिवशी खांबाला जाऊन भेटतो. त्या तुझ्या खोलीत हात शेवटचा कधी थरथरला होता?”

बाईंनी बहुत विचार केला. “पहिल्या महिन्यात.”

“म्हणजे तिथलं शिकणं तेव्हाच संपलं. आता पुन्हा सुरू झालंय.”

लिहिणारास हे बोलणे पोकळ वाटले. ऐसे शहाणपण कॅलेंडराच्या पानामागे फुकट मिळते.

मुक्रर दिवशी समिती येऊन स्थानापन्न जाहली. डोईवर पंखे घरघरत होते. प्रथम साहेब उठले, निर्भयपणे कागद उघडला, निर्भयपणे वाचला, आणि शेवटची ओळ बदलावयाची राहून गेल्याने समितीच्या अध्यक्षीणबाईंस निवृत्तीच्या आयुष्यासाठी मनःपूर्वक शुभेच्छा दिल्या. अध्यक्षीणबाईंची नोकरी अजून नऊ वर्षे आहे. साहेब तितक्याच निर्भयपणे खाली बसले.

मग निवेदिकाबाई उभ्या राहिल्या. हातात ध्वनिक्षेपक आला, तो आधीच चालू होता, आणि त्यावर एक कळ होती. एकोणीस वर्षांच्या अंगठ्याने ती दाबली, तेणेकरून ध्वनिक्षेपक बंद जाहला. बाई पहिले वाक्य बोलल्या, ते पंख्यांच्या घरघरीत गडप. मग कायद्याप्रमाणे पुन्हा कळ दाबली, तो चालू जाहला, आणि तेच वाक्य पुन्हा बोलल्या, ते खणखणीत ऐकू आले. कानात रक्ताचे नगारे वाजत असल्याने बाईंस यातले काहीच कळले नाही. दुसरे वाक्य तैसेच, तिसरे तैसेच. समितीतील विद्वान एकमेकांस खुणावू लागले की, बाई केवढी विचारी, प्रत्येक शब्द आधी ओठांत तोलते आणि मगच बोलते. विद्वानांचे हे ऐसेच असते.

परंतु पुढे एक गोष्ट घडली, ती लिहिताना कडूपणा बाजूस ठेवणे भाग आहे. बाईंस सांगावयाचे होते ते एका म्हाताऱ्याचे. हातात औषधांची पिशवी घेऊन तो सुटणाऱ्या शेवटच्या गाडीमागे धावत होता आणि दोनदा अडखळला, तो बाईंस खिडकीतून दिसला. तेथे पोहोचताच बाईंचा हात इतका थरथरला की अंगठा कळ विसरला.

“मी भोंग्यावरून ओरडले, आजोबा, धावू नका, गाडी थांबवली आहे.”

हे वाक्य त्या एकदाच बोलल्या आणि ते एकदाच सर्वांस ऐकू आले, आवाजातील कापऱ्यासह. यंत्राच्या बाजूने आलेल्या सदस्याने आपले टाचण मिटून खिशात घातले.

निवाडा तेथेच जाहला. माणसाचा आवाज कायम. छत्र्या बेवारसच राहिल्या. आणि जोडीस दुसरा हुकूम निघाला की, पुढील महिन्यापासून निवेदिकाबाईंनी सहा आगारांच्या साठ निवेदकांस समोर उभे राहून शिकवावे. कबूल असल्यास सही करावी. नऊ गड्ड्यांचे साठ जाहले. बाईंचे हात पुन्हा थरथरू लागले. बाईंनी ते दोन्ही हात समोर धरून क्षणभर पाहिले, तैसे पाहताना पूर्वी कोणी पाहिले नव्हते, आणि लेखणी मागितली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. भय मारले गेले नाही, पळूनही गेले नाही, ते बाईंच्या चाकरीत कायम आहे. लिहिणाराने नणंदेचे बोलणे पोकळ म्हटले, ते परत घेतले आहे. कबुलीचा कागद दप्तरी दाखल असून त्यावर दोन सह्या आहेत. साहेबांची सरळ, ती अकरा वर्षे सरळच आहे. बाईंची वाकडी.