दोन निळे आणि हिरूबाईंचा राब

चैत्रातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेअकरा वाजता, खालापूरच्या कचेरीत हिरूबाईंवर अन्याय झाला. चौक-कर्जत रस्त्यालगतच्या त्यांच्या गावाचे डोळे कारखान्याच्या पिवळट वायूने चुरचुरत होते, आणि साहेबांनी नोटीस दिली हिरूबाईंना: तुमच्याच धुराचा त्रास आहे, राब भाजू नका. पेरणीआधी पालापाचोळा जाळून रोपांची जागा भाजायची नाही, तर भात काय कचेरीत उगवणार?

मी त्यांना कर्जतला डिगूकाकांकडे नेलं. हा गृहस्थ घरातल्या प्रत्येक भांड्याला बाहेरून काजळी फासतो. "चकचकीत भांडं म्हणजे परक्याच्या डोळ्यात बोट," हे त्यांचं ब्रीद. मुंबईच्या प्रयोगशाळेत जन्मभर लेसर जुळवले. उजेड कशावरून उसळून कुणाच्या डोळ्यात जाईल ही धास्ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. लग्नात ते नवरीच्या नथीकडेसुद्धा संशयाने बघतात.

भंगारातून त्यांनी एक यंत्र उभं केलं होतं. दोन जातींचा निळा उजेड हवेत सोडायचा आणि धुरावरून परत येईल तो मोजायचा. साधा धूर दोघांनाही सारखाच अडवतो. हा पिवळा वायू मात्र एकाला खातो, दुसऱ्याला सोडतो. दोन्ही निळे निघतात त्या पहिल्या नळीतला उजेड दुबळा, म्हणून तो रंगीत द्रवाच्या दुसऱ्या नळीतून जोरकस करून घ्यायचा. "पहिली बोलते, दुसरी ओरडते," काका म्हणत.

आम्ही कचेरीच्या पायऱ्या अडवल्या, तेव्हा कुठे साहेब हिरूबाईंच्या शेतावर आले. काकांनी आधी साहेबांच्या पट्ट्याच्या बक्कलला काजळी फासली.

"यंत्र सरकारमान्य आहे का?" साहेब गुरगुरले.

"सायेब, मंग माजा राब तरी कुटं सरकारी हाय?" हिरूबाई म्हणाल्या.

राब पेटवला. यंत्रातून निघणाऱ्या कागदावर दोन्ही निळ्यांच्या रेघा बरोबरीने खाली आल्या. मग काकांनी यंत्राचं तोंड फिरवलं कारखान्याच्या धुराड्यावर.

"एक बसली, दुसरी उभी हाय," शाळा न पाहिलेल्या हिरूबाईंनीच आधी वाचलं. "आता बोला की, सायेब."

यंत्र आणलेल्या टेंपोच्या बॉनेटवरच हिरूबाईंची नोटीस रद्द झाली, आणि तिथेच कारखान्याची लिहिली गेली. गावाने काकांना खांद्यावर घेतलं.

खाली उतरल्यावर ते बांधावर एकटेच बसले. मी विचारलं, "काका, हा खटाटोप सुरू कशापायी केलात?"

"आमच्या हिला खोकला होता. क्वार्टरच्या मागेच कारखाना होता. मी म्हणायचो, तुझ्या शेगडीचाच धूर." बोटांवरची काजळी त्यांनी बांधावरच्या गवताला पुसली. "मोजलं नाही रे मी."

वाचकहो, उद्या तुमच्या दारात कोणी साहेब म्हणेल, तुमचाच धूर. मोजमाप मागा. कागद हातात पडेपर्यंत पायरीवरून उठू नका.