अकराशे शहाऐंशी बुकमार्क आणि आमच्या आई

माझ्याकडे अकराशे शहाऐंशी बुकमार्क आहेत. हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये. लोक दागिने सांगतात तसं सांगतेय.

मी शाळेच्या पुस्तकांतल्या मजकुराची पडताळणी करते. देवमाशाची जीभ हत्तीएवढी जड असते, असं लिहून लेखक मोकळा होतो. ती खरंच असते का, हे बघायला प्रकाशनसंस्थेने मला नेमलंय. थोडक्यात, शंका घेणं हा माझा व्यवसाय. (शंकांचा पगार मिळणारी आमच्या घराण्यातली मी पहिलीच. फुकट घेणाऱ्या पुष्कळ होऊन गेल्या.)

त्यात आठ महिन्यांपूर्वी ठकू झाली आणि शंका दुप्पट झाल्या. कामाच्या शंकांचे बुकमार्क ऑफिसच्या संगणकावर, ठकूच्या शंकांचे घरच्या लॅपटॉपवर. ऑफिसात बसून ठकूच्या उचकीचं पान आठवायचं आणि घरी उचकी थांबवताना देवमासा.

अशात आमच्या मुख्य संपादकांनी एक आशा दाखवली. ऑफिसात त्यांना 'लाल शाई' म्हणतात. (अर्थात मॅडम खोलीबाहेर असताना.) त्या म्हणाल्या, "इथलं सगळं घरीही जसंच्या तसं हाताशी असेल, तर आठवड्यातले दोन दिवस घरून काम करा. पण आधी मला दाखवा. बुधवारी, अकरा वाजता."

दोन दिवस! ठकू सकाळची झोप संपवून उठते तेव्हा रडत नाही. आधी मान वळवून शेजारी कोण आहे ते बघते. आठवड्यातून निदान दोनदा ते 'कोण' मी असावं, एवढंच माझं मागणं होतं.

"सोपं आहे," नवरा म्हणाला. "ब्राउझरमध्ये एक ॲड-ऑन टाक. दोन्हीकडे एकच लॉगिन. इकडे ठेवलेलं तिकडे दिसतं."

"आणि इकडे पुसलेलं?"

"तिकडेही पुसलं जातं."

"कायमचं?"

"आता यावरही बुकमार्क ठेवशील तू."

(ठेवला. अकराशे सत्त्याऐंशी.)

रविवारी दुपारी घरचं आणि सोमवारी ऑफिसचं, दोन्ही मी एकटीने जोडलं. कुणालाही न विचारता! नंतर दोनदा उगाचच लॉगआऊट होऊन परत आत गेले, नुसत्या कौतुकाने.

बुधवारसाठी घरच्या लॅपटॉपवर कुणीतरी हवं होतं. घरी ठकूजवळ माझ्या सासूबाई, म्हणजे आई, असतात. आईंनी तीस वर्षं एका कारखान्याचं भांडार सांभाळलं. कुठला बोल्ट कुठल्या खणात, हे त्या डोळे मिटून सांगत.

"आई, अकराला फोन करते. मी सांगेन ते पान उघडायचं आणि वरच्या चांदणीवर टिचकी मारायची. झालं."

"मग?"

"मग काही नाही."

"काही नाही?" आई म्हणाल्या. (तीस वर्षांत 'काही नाही' हे काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.)

बुधवारी मॅडम खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. मी ब्राउझर उघडला. डावीकडे फोल्डरांची रांग लागली: 'नक्की', 'बहुधा नक्की', 'नक्की वाटलं होतं', 'कोण म्हणतं?' इथपर्यंत ठीक होतं. पण एकच लॉगिन म्हणजे सगळंच येणार, हे अकराशे सत्त्याऐंशी पानं जपणाऱ्या बाईच्या ध्यानात आलं नव्हतं. खाली दिसू लागलं: 'शिंक', 'दोन शिंका', 'शिंक आलीच नाही'.

मॅडमनी चष्मा लावला. "'शिंक आलीच नाही' हे कितवीच्या पुस्तकात आहे?"

"ते घरचं आहे, मॅडम."

मी घाईघाईने आईंना फोन लावला, नद्यांच्या लांबीचं पान सांगितलं. चार सेकंदांत ते आमच्यासमोर उगवलं! स्वतःच्या पायाचा अंगठा पहिल्यांदा तोंडात गेल्यावर ठकू जसं सगळीकडे बघते, तसं मी मॅडमकडे बघितलं.

"छान," त्या म्हणाल्या.

आणि 'दोन शिंका' गायब झाल्या. पाठोपाठ 'शिंक आलीच नाही'.

मी पुन्हा फोन लावला. "आई, तुम्ही काही करताय का?"

"आवरतेय. ठकू झोपलीय."

"अहो, तिथे हललं की इथेही हलतं!"

"मग बरंच की. तुझं तिथलंही आवरून होईल."

"आई, माझ्या शेजारी मॅडम बसल्यात!"

"बसू देत. मोजणी चालू असताना भांडार बंद असतं." फोन बंद.

गेले माझे घरून कामाचे दोन दिवस, मी मनात म्हटलं. पडद्यावर आता 'ठकू रडते' या माझ्या एक्केचाळीस पानांच्या फोल्डरचं नाव बदलत होतं. नवीन नाव आलं: 'भूक, झोप, ओलं. क्रमाने बघणे.' आत दोन पानं उरली. मग आई कामाच्या फोल्डरांत शिरल्या. 'बहुधा नक्की' रिकामं झालं. 'कोण म्हणतं?' रिकामं झालं. 'प्राणी', 'नद्या', 'माणसं' असे नवे खण उभे राहिले. चार फोल्डरांत विखुरलेल्या देवमाशाच्या सात जिभा एकीखाली एक येऊन बसल्या. त्यांतली एक शोधायला मी गेल्या आठवड्यात दीड दिवस घालवला होता. काढलेलं सगळं तळाशी साठत होतं: 'बाद माल. विचारल्याशिवाय फेकू नये.'

"मॅडम, मी लगेच बंद करते..."

"हात लावू नका," मॅडम म्हणाल्या. दहा मिनिटं त्या हनुवटीखाली हात घेऊन बघत राहिल्या. मग उठल्या. "दोन दिवस मंजूर. मंगळवार आणि गुरुवार."

माझी छाती फुगली. "थँक्यू, मॅडम. ही सगळी व्यवस्था मी एकटीने, रविवारी..."

"व्यवस्था कुणाची आहे ते पाहिलं मी. घरी त्यांच्या देखरेखीखाली काम करायचं. पत्रात तसं लिहिते."

तरीही ते पत्र मी घरी मिरवत नेलं. आईंनी ते दोनदा वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"ही त्यांची मंजुरी झाली. मी कुठे दिलीय?"

"म्हणजे?"

"माझ्या हाताखाली माणूस मी पारखून घेते. शनिवारी चार वाजता ये. आधीच्या कामाचे दाखले आण."

"आई, मी इथेच राहते!"

"मग उशीर व्हायचं कारण नाही."

शनिवारी चारला पाच कमी असताना मी आईंच्या खोलीचं दार वाजवलं. मुलाखत पंचवीस मिनिटं चालली. ठकू त्यांच्या मांडीवर बसून माझे दाखले चघळत होती. शिंकेबद्दल तीन प्रश्न आले, दोन चुकले.

पण अभिमानाने सांगते, माझी निवड झाली आहे. तीन महिन्यांसाठी, तात्पुरत्या तत्त्वावर.