खेळण्यातली गाडी शास्त्रोक्त बिघडवण्याची पद्धत

यंत्राची योग्यता ते काय काम करते यावरून ठरत नसते; ते किती वेळा उघडून पुन्हा मिटले गेले यावरून ठरते. या कसोटीवर छताचा पंखा हे अगदीच सामान्य यंत्र (बटण दाबले की फिरतो), तर रॉक क्रॉलर सर्वश्रेष्ठ.

रॉक क्रॉलर म्हणजे दगडधोंड्यांवर चढणारी, रिमोटवरची वीतभर गाडी. वेग म्हणाल, तर तिच्याबरोबर निघालेली मुंगी पलीकडे पोचून, काम आटोपून परत येताना तिला वाटेत भेटते.

अशी एक गाडी एका लिफ्ट-निरीक्षकाने आपल्या मुलीसाठी आणली. मुलगी, ठकी, तेव्हा नुकतीच बसायला लागली होती आणि मधूनच कलंडत होती; पण चांगल्या गोष्टींना लवकर सुरुवात झालेली बरी, असे त्याचे मत पडले. (बायकोचे मत विचारण्यात आले नाही. ते तिच्या चेहऱ्यावर उपलब्ध होते.)

गाडी खोक्यातून निघाली तीच कर्रकर्र करत. ती उशी चढली, उशी उतरली, आणि ठकी झोपली. दुपारी जिला झोपवता झोपवता आईच दोनदा झोपून उठायची, ती ठकी त्या आवाजाने अशी गाढ झोपली की आई गरम जेवली, तिने केस धुतले, आणि दुसऱ्या दिवशी तर चक्क आडवी झाली. काही आठवडे घरात सगळे सुरळीत चालले. साहजिकच सुधारणेला वाव निर्माण झाला.

इमारतीमागे बांधकामातून उरलेल्या दगडांवर क्रॉलरवाल्यांचे मंडळ भरत असे. अध्यक्ष होते एक निवृत्त दंतवैद्य. त्यांनी गाडी कानाशी धरली, डोळे मिटले आणि गंभीरपणे म्हणाले, "निरीक्षकसाहेब, दात घासतायत. किती दिवस अंगावर काढलंत?"

निरीक्षकाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ज्याच्या सहीशिवाय लिफ्ट वर जात नाही, त्याच्या स्वतःच्या घरात कर्रकर्र. त्यातून रविवारी मंडळाचा शांतता-चषक होता: आवाज न करता दगड चढणाऱ्या गाडीला.

जुळणीची पद्धत सर्वमान्य आहे. मोटरवरचा छोटा गिअर आणि शेजारचा मोठा गिअर यांच्या दातांत कागदाची पट्टी धरावी, दोघांना एकमेकांवर दाबावे, स्क्रू आवळावा, पट्टी ओढून काढावी. मागे उरते ती केसभर फट. फार चिकटू नये, फार लांबही राहू नये. (हाच नियम संसारालाही लागू आहे, असे दंतवैद्य सांगतात. ते एकटे राहतात.) पट्टीला चुण्या पडाव्यात, पण ती फाटू नये. वर्तमानपत्र फाटले. पुठ्ठा जाड ठरला. योग्य जाडीचा कागद घरात एकच निघाला: ठकीचे लसीकरणाचे कार्ड. (झालेल्या लसींच्या नोंदी शाबूत आहेत. पुढच्या लसींना जागा राहिलेली नाही.)

मग क्लच. त्याचा नट पूर्ण आवळून किंचित सैल करायचा, म्हणजे चाक दगडात अडकले की क्लच घसरतो आणि दात वाचतात. (वेळेवर घसरणारा मोडत नाही, हे निरीक्षक कचेरीत आधीच शिकला होता.) शेवटी ग्रीस: एक्सलमध्ये वाटाण्याएवढे, हात पुसलेल्या पडद्याला त्याहून थोडे जास्त.

शनिवारी गाडी निःशब्द झाली. दंतवैद्यांनी पुन्हा कान लावला आणि चष्मा काढून पुसला.

ठकीने मात्र त्या मुक्या गाडीकडे असे पाहिले, जसे न सांगता घरात शिरलेल्या माणसाकडे पाहावे. झोप नाही. मिक्सर लावून पाहिला (शेजारीण काय दळताय ते बघायला आली). केस वाळवायचे यंत्र लावले (ठकीचा उभा भांग पडला). निरीक्षकाने तोंडाने कर्रकर्र केली. ती उत्तम जमली, पण तो श्वास घ्यायला थांबला की ठकीचे डोळे उघडत.

रविवारी दुपारी आईने ठकीला खांद्यावर घेऊन घराची कितवी तरी फेरी मारली आणि ती त्याच्यासमोर येऊन थांबली.

"गाडी छान झोपवलीस. आता मुलीला झोपव."

ती ओरडली असती तर बरे झाले असते. लिफ्टचा दोर तुटायच्या बेताला येतो तेव्हा तोही फार आवाज करत नाही, हे निरीक्षकाला ठाऊक होते. चषकाला जेमतेम तास उरला होता. त्याने मोटरचा स्क्रू पुन्हा सैल केला.

इथून पुढची पद्धत कोणत्याही पुस्तिकेत नाही. कारखान्याने सहज केलेली चूक हाताने करणे अत्यंत जिकिरीचे काम आहे. फट वाढली की टकटक होते, ठकी सावध. फट घटली की गाडी किंचाळते. ठकी खदखदून हसते, आणि हसणारे मूल झोपेच्या दृष्टीने वाया गेलेले असते. मोजमापाचे साधन एकच: ठकीची पापणी. त्याने स्क्रू केसभर फिरवावा आणि पापणीकडे बघावे. पुन्हा केसभर, पुन्हा पापणी. असे करता करता एकदाची ती पापणी खाली आली, अर्ध्यावर थांबून तिने विचार केला, आणि उरलेले अंतर आपल्याच वजनाने उतरली. आई ठकीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती, ती तिथेच झोपली.

एवढ्यात उघड्या दारात दंतवैद्य उभे राहिले. चषकाची वेळ झाली होती. आवाज ऐकून त्यांनी छातीला हात लावला.

"अहो, काल तर बरी होती."

"हळू, डॉक्टर. मीच बिघडवली."

"मुद्दाम?"

"मोजून."

दंतवैद्य समजूत घालायला खुर्चीवर बसले. मंडळाच्या प्रतिष्ठेविषयी त्यांनी दीड वाक्य कुजबुजत सांगितले, आणि अर्ध्या वाक्यावर त्यांची हनुवटी छातीला लागली. शांतता-चषक त्या वर्षी कोणालाच दिला गेला नाही, कारण देणारे घोरत होते.

गाडी थांबवली तर तिघेही उठणार. म्हणून निरीक्षक ती चालवत राहिला: चादरीच्या डोंगरावरून, अध्यक्षांच्या चपलांवरून, बायकोच्या पावलाला हळूच वळसा घालून.

यावर हसणाऱ्यांनी थोडा विचार करावा. इथवर तुम्ही सलग वाचत आलात. मध्ये कोणी रडले नाही, कोणी हाक मारली नाही, कोणी काही मागितले नाही. ही स्वस्थता आपोआप मिळाली, असा तुमचा समज दिसतो. उठा, आतल्या खोलीत जा, आणि तिथल्या माणसाचा हात दुखायच्या आत त्याच्याकडून रिमोट घ्या. (दुखून बराच वेळ झाला आहे. तुम्ही वाचत होता म्हणून सांगितले नाही.)