डाव्या दिव्यातली बाळंतीण

माझ्या जीपच्या डाव्या दिव्यात शेलारांची रेखा बाळंत झाली आणि काचेवर आतून दव धरलं. तिची आई यमुनाकाकू तिथेच राहतात, मग माहेरपणाला पोरगी दुसरीकडे जाणार कुठे? बाळंतीण म्हटलं की कढत पाण्याची अंघोळ, शेगडीचा शेक. सगळं मान्य. पण सोमवारी जीपचं पासिंग! दिवा असा आंधळा दिसला तर गाडी नापास, आणि माझ्या घाटातल्या फेऱ्या बंद.

दस्तगीर मिस्त्रींनी दिव्याचं मागचं झाकण उघडलं. "सिंधूताई, हवा जायच्या भोकात चिंधी कोंबलीय."

"मीच कोंबली," काकू आतून कडाडल्या. "ओल्या बाळंतिणीला वारा लागला तर तुम्ही निस्तरणार?"

"मग वाफ जायची कुठून?"

"ते गाडीवाल्यांनी बघावं!"

झालं! तेवढ्यात रेखाने पदराने काच पुसून बाहेर बघितलं. डोक्याला स्कार्फ, कानात कापूस.

"कापूस!" मी ओरडलेच. "काकू, चिंधी काढा, तिथे पातळ कापूस लावा. वारा अडेल, वाफ जाईल."

"हे आधी सुचलं नाही होय?" काकू म्हणाल्या.

"आणि दिवसाही दिवा चालू ठेवा," मिस्त्री म्हणाले. "काच सुकेल, बाळालाही ऊब."

सोमवारी काच लख्ख! तपासणीच्या मॅडम वाकल्या, मान डोलावली, मागे गेल्या.

"ब्रेक दाबा. हा लाल दिवा लागत नाही."

"मॅडम, आज बारसं आहे. बाळाची आत्या त्या दिव्यात राहते. नाव ठेवायला पुढे गेलीय."

मॅडमनी पेन खाली घेतलं.

"मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"मग आत्या हवीच. थांबते मी."

डाव्या दिव्यातून "कुर्रर्र" ऐकू आलं, मग आत्याच्या पाठीत धपाटे, मग हशा. नाव ठेवलं चारुलता. काकूंनी मॅडमना घुगऱ्या दिल्या. आत्या लगबगीने आपल्या जागी गेली, मी ब्रेक दाबला आणि दिवा लागला. पास! अगं बाई, मी तिथेच उडी मारली.

परतताना भर उन्हात समोरचा प्रत्येक ड्रायव्हर हाताची उघडझाप करून खुणावत होता, दिवा चालू राहिलाय म्हणून. मी प्रत्येकाला ओठांवर बोट ठेवून सांगत होते, हॉर्न वाजवू नका, चारू आत्ताच झोपलीय.