एकली गोळी

खाडीच्या ऐन मध्यावर गजर वाजला की धर्मा तांडेल शीड उतरवायचा, होडी थांबवायचा आणि भाकरी खायला बसायचा. उतारू कितीही ओरडोत. कुणाची कोर्टात तारीख, कुणाची पलीकडे सोयरीक. तांडेलाची भाकरी संपल्याशिवाय दिघी काही जवळ यायची नाही.

मी दिघीच्या शाळेत मास्तर, राहायला आगरदांड्याला, तांडेलाच्या शेजारी. साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. गळ्यात जाळ्याच्या पिशवीत गजराचं घड्याळ, कंबरेला भाकरीचं फडकं आणि खिशात खडीसाखर, असा हा माणूस. वादळात लोक देवाचा धावा करायचे तेव्हा हा तंबाखू चोळत बसायचा. पण सकाळी वाटाण्याएवढी गोळी हातात घेतली की त्याला कापरं भरायचं.

त्याला मधुमेह निघाला होता आणि मुंबईच्या डॉक्टरांनी नवी गोळी दिली होती. चिठ्ठी मीच वाचून दाखवली: गोळीनंतर अर्ध्या तासात खावं, वेळा चुकवू नयेत, उपाशी राहिल्यास शुद्ध हरपेल, जिवावर बेतेल. भीती मीच घालून ठेवली, आणि मग ती मलाही चिकटली.

"एकली गोळी माणसाला खाते, मास्तर," तो मला बजावायचा. चहातला गूळ सुटला, माडी सुटली, भाताची परात जाऊन मूठभर भात आला. पण तो मूठभर मात्र घड्याळाच्या ठोक्याला. एसटीत, देवळात, एकदा तर प्रेतयात्रेत खांदा बदलून त्यानं भाकरी काढली. लोक हसले. मला हसू आलं नाही. कारण एकदा मासळीचा लिलाव बघता बघता त्याचं खायचं राहिलं, आणि भर दुपारी त्यानं होडी सरळ समुद्राकडे हाकली. मी होडीत होतो. घामानं निथळत होता, हाक मारली तर ओळख नाही. मी खडीसाखर त्याच्या तोंडात कोंबली, तेव्हा कुठे म्हणाला, "मास्तर, दिघी कुठं गेली?"

पुढं त्याच्या लेकीचं, काशीचं लग्न ठरलं. कन्यादान होईपर्यंत मुलीच्या आईबापांनी तोंडात काही घालायचं नाही, ही रीत. मला वाटलं, त्या दिवशी गोळीला सुट्टी असेल. सकाळी मांडवात विचारलं.

"घेतली की," तांडेल म्हणाला. "औषधानं उपास मोडत न्हाय."

"आणि भाकरी?"

"भाकरीनं मोडतो."

मुहूर्त सकाळचा होता खरा, पण ओहोटी लागली आणि नवरदेवाची होडी पलीकडे गाळात रुतून बसली. भरती येईपर्यंत इलाज नव्हता. भटजींनी पुढचा मुहूर्त काढला.

अकरा वाजेपर्यंत तांडेलाचा सदरा घामानं भिजला. मी त्याला मांडवामागे नेलं, खडीसाखर पुढं केली. त्यानं तोंड फिरवलं.

"अहो तांडेल, मराल."

"भ्या वाटतंय मास्तर. लय वाटतंय. पन काशीला आय न्हाय. आज तिच्या वाटचा उपासबी मीच धरलाय. तो कसा मोडू?"

काशी पाळण्यात असताना तिची आई गेली, हे मला ठाऊक होतं. मी तो खडा मुठीत धरून त्याच्या शेजारी उभा राहिलो, अगदी कन्यादानापर्यंत. वऱ्हाड आल्यावर भटजींना हात जोडून म्हटलं, मंगलाष्टकं दोनच म्हणा. त्यांनी पाच म्हटली.

पाणी सोडताना तांडेलाचे हात इतके कापत होते की निम्मं पाणी माझ्या पायावर पडलं. भटजी "झालं" म्हणाले आणि मी पुढं झालो, पण काशी माझ्या आधी उठली. नवऱ्याकडे न बघता तिनं तबकातला गुळाचा खडा उचलला आणि बापाच्या तोंडात घातला.

तो डोळे मिटून चघळत राहिला. जरा वेळानं त्यानं तिच्यापुढं पुन्हा तोंड उघडलं.

"आनखी येक दे गो," तो म्हणाला. "ह्यो माजा सुटला. तुज्या आयचा सोडायचा हाय."