नवऱ्यापासून सुटायला नवऱ्याची सही

घटस्फोट आणि घरखरेदी ही दोन्ही कामं मी एका दमात हातावेगळी करणार होते! लोकांना यातलं एकेक आयुष्यभर जमत नाही. पण मी सनोबर! लग्नात मुलीला द्यायच्या साटीनच्या रजया उझबेकिस्तानातल्या या अख्ख्या कोकंद शहरात माझ्यासारख्या कोणाला शिवता येत नाहीत. मध्येच धागा तोडून चहा पीत बसणाऱ्यांतली मी नव्हे.

आता विचाराल, घटस्फोट कशाला? सगळ्यांनीच विचारलं! नानवाल्यानं विचारलं. दातांच्या डॉक्टरनं तर माझ्या तोंडात दोन हत्यारं घालून विचारलं, म्हणजे मला उत्तरही देता येईना! माझा नवरा तुल्किन दारू पीत नाही, हात उगारत नाही, दुसऱ्या बाईकडे मान वळवून बघत नाही. "मग वाईट काय आहे गं त्याच्यात?" वाईट हे आहे, की त्याला मित्र आहेत! आमच्याकडे पुरुषांचं टोळकं पाळीपाळीनं एकेकाच्या घरी जमतं, पुलाव चापतं आणि तासन्‌तास बोलत बसतं. त्या बैठकीला 'गप' म्हणतात. नाव गप, आणि एक जण गप बसेल तर शपथ! आमच्या घराची पाळी खरं तर क्वचित यायची. पण आमच्या या उदार माणसानं सगळ्यांच्या पाळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. दर गुरुवारी चौदा माणसं! माझ्या शिवणाच्या खोलीत! नवरीच्या पांढऱ्या साटीनवर चरबीचे पंजे!

तेही सोसलं. पण पित्ताशय काढून घेऊन, पोटावरचे टाके सांभाळत मी टॅक्सीतून उतरले, फाटक ढकललं, तर अंगणात गप बसलेली! तुल्किन धावत आला. मला वाटलं, हाताला धरून आत नेईल.

"बरं झालं आलीस," तो म्हणाला. "चहा संपलाय."

त्या क्षणी मी 'अहो' सोडून 'अरे'वर आले, आणि चालता यायला लागल्याबरोबर घटस्फोटाचा अर्ज टाकला.

घर सासऱ्याचं, त्यामुळे निघायचं मलाच. निघेन! पण मोहल्ला का सोडू? माझी गिऱ्हाइकं इथली आहेत. दोन-तीन गल्ल्या पलीकडे मामाजान-ओतांचं घर विकायला निघालं होतं. ओता म्हणजे आमच्या मोहल्ल्यातले वडीलधारे, लांब पांढरी दाढी, कुठल्याही लग्नात पहिला आशीर्वाद त्यांचा. घरात दोन उजेडाच्या खोल्या, वर द्राक्षाचा मांडव, आणि अंगण इतकं चिमुकलं, की त्यात चौदा माणसं उभीसुद्धा राहणार नाहीत. मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं!

ओतांनाही घाई होती. त्यांची बायको ताश्कंदला लेकीकडे राहायला गेली होती. जाताना "घर विकल्याशिवाय तोंड दाखवू नका" म्हणाली आणि भांडीकुंडी घेऊन गेली. ओता बिचारे चहाच्या किटलीत अंडी उकडून दिवस काढत होते. त्यांनी मला चहा दिला. त्याला अंड्याचा वास येत होता.

"ओता, माझा निकाल लागला की घर घेते," मी म्हणाले. "आधी घेतलं तर नवऱ्याचा वाटा निघायचा."

"निकाल कधी लागतोय, पोरी?"

"आधी मोहल्ल्याची सलोखा समिती बसणार. यांचं काही जमत नाही, असं तिनं लिहून दिलं की मग कोर्ट."

ओतांना अंड्याचा ठसका लागला. "अगं, त्या समितीचा अध्यक्ष मीच आहे! नुकतंच गळ्यात घातलंय."

"मग काय, सोन्याहून पिवळं! द्या लिहून."

"कसं देऊ? आमच्या समितीनं आजवर एकही संसार मोडू दिलेला नाही. भिंतीवर त्याची पताका आहे! माझ्या दाढीला काळं फासायचंय का?" मग हातातल्या अर्ध्या अंड्याकडे बघून ते रडवेले झाले. "आणि तुझा संसार नाही मोडला, तर मी हे खाऊन मरणार."

सुनावणीला तुल्किन इस्त्रीचा सदरा घालून आला. बरोबर सहा मित्र, साक्षीला म्हणे! समितीत ओता आणि हुर्सनोय आपा. आपा शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अजूनही समोरच्याला आधी नखं दाखवायला सांगतील की काय, असं वाटतं.

ओतांनी टेबलावर मूठ आपटली. "संसार म्हणजे नान, पोरी! मोडली तरी कोणी पायदळी टाकतं का?" आणि टेबलाखालून मला लाथ मारली!

"माझं काय चुकलं?" तुल्किननं डोळे पुसले. "हिला एकटं वाटू नये, म्हणून तर चौदा माणसं घरी आणतो!"

हुर्सनोय आपांना हुंदका आला. माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मीच त्याचं पित्ताशय काढलं होतं! निर्णय झाला, समेटासाठी सहा महिने.

"सहा महिने?" मी ओरडले. "पित्ताशयाला तासभरसुद्धा लागला नव्हता!"

बाहेर बोळात ओतांनी मला गाठलं. "डगमगू नकोस गं."

"मग आत काय बडबडत होतात?"

"आत अध्यक्ष बोलत होता. मी मामाजान."

दुसऱ्या सकाळी मामाजान माझ्या दारात हजर. सहा महिने अंडी खाणं त्यांच्यानं होणार नव्हतं. त्यांनी तोड काढली होती. घर आत्ताच घ्यायचं. नवऱ्यानं नोटरीसमोर सही करून संमती दिली आणि वाट्यावर पाणी सोडलं, की झालं.

"म्हणजे नवऱ्यापासून सुटायला नवऱ्याची सही?"

"कायदा आहे, पोरी."

असा कायदा करणाऱ्याच्या घरी गप बसो! मी दात-ओठ खात तुल्किनसमोर उभी राहिले. वाटलं होतं, अडवेल, भांडेल. भांडणाची तयारीही करून गेले होते.

"घर घेतेस?" त्याचा चेहरा उजळला. "सही ना? दहा करतो!"

हीच तर त्याची खोड आहे. हा माणूस मागाल ते देईल, एक गुरुवार सोडून!

नोटरीकडे तो नवी टोपी घालून आला, अख्खी गप घेऊन! मला वाटलं, मुकाट्यानं सही करेल. कसलं काय! "ओता, छत गळतं का? मोरीत पाणी तुंबतं का? तख्त का नेताय, ते इथेच राहू द्या!" असं करत करत त्यानं ओतांकडून अंगणातलं बसायचं ऐसपैस लाकडी तख्त, शिडी आणि दोन कोंबड्या घरासोबत पदरात पाडून घेतल्या. मला नुसतं तख्त मागायचंही सुचलं नव्हतं. संताप झाला माझा!

नोटरीबाईंनी शिक्का मारला आणि हात उंचावले. "दोघं एकत्र म्हातारे व्हा!"

"अहो, आम्ही घटस्फोट घेतोय!"

"हो का?" बाई म्हणाल्या. "घर मात्र छान आहे हं."

मित्रांनी आमच्या डोक्यावर अक्षतांसारखी हलव्याची ढेपळं उधळली. एकानं फोटो काढला. मधोमध ओता, एका बाजूला हसरा तुल्किन, दुसऱ्या बाजूला मी, केसात हलवा. माझं शिलाई मशीनही त्याच लोकांनी नव्या घरी वाहून नेलं. नको म्हटलेलं ऐकायला कोण तयार होतं?

पण मग फाटक लागलं, आणि मी मांडवाखाली बसले. कोणी बोलत नव्हतं. चहा गिळल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. चहा माझा, मी केलेला, आणि संपला तरी मलाच कळणार! खोटं कशाला सांगू, सुखानं डोळ्यांत पाणी आलं. दोन दिवस मी कोंबड्यांशीही बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी फाटकावर धडाधड थापा! बाहेर हुर्सनोय आपा, मागे निम्मा मोहल्ला, हातात मोठं खोकं.

"अभिनंदन! आदर्श कुटुंब!"

"कुठलं कुटुंब?"

"तुमचं!" खोक्यात निळ्या नक्षीचा चहाचा संच होता, आणि वर चौकटीत बसवलेला तो हलव्याचा फोटो.

झालं होतं असं, की ताश्कंदला पळण्याआधी ओतांनी माझं प्रकरण बंद केलं होतं. त्यांचा शेरा आपांनी मोठ्यानं वाचून दाखवला. "अर्जदार बाईंनी पतीच्या उपस्थितीत, पतीच्या आनंदी संमतीनं नवं घर घेतलं. समेट झालेला दिसतो."

मी ताश्कंदला फोन लावला. पलीकडून चघळण्याचा आवाज आला.

"पोरी, मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. घर विकलं गेलं, पताकाही वाचली!"

"आणि माझा घटस्फोट?"

"बायकोनं केलेल्या खिम्याच्या मन्ती गरम आहेत गं, नंतर बोलू." फोन बंद!

वळून बघते, तर तुल्किन कलिंगडं घेऊन उभा, आणि त्याच्यामागे चौदाच्या चौदा. एकानं काहील डोक्यावर घेतलेली!

"अंगण लहान आहे," मी दात आवळून म्हणाले.

"काळजी नको. गल्लीत सतरंज्या टाकल्यात."

"आपा," मी कडाडले, "उद्याच्या उद्या मी नवा अर्ज टाकणार!"

"टाक की. तो तुझा हक्क आहे." आपांनी माझ्या पाठीवर थोपटलं. "पण त्याआधी एक आनंदाची बातमी. ओता ताश्कंदला गेल्यामुळे समितीचं अध्यक्षपद रिकामं झालंय. मोडण्याचा आणि जुळण्याचा, दोन्हीकडचा अनुभव असलेली बाई मोहल्ल्यात तू एकटीच. आम्ही एकमतानं तुला निवडलंय!"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तुल्किननं टाळ्या सुरू केल्या आणि चौदा जणांनी त्या उचलून धरल्या.

अर्ज मी टाकलाच! नियमानुसार तो समितीपुढे आला. आता येत्या बुधवारी अध्यक्ष म्हणून मला माझी समजूत काढायची आहे. प्रयत्न करीन. पण तुम्हाला म्हणून सांगते, बाई काही ऐकणारी दिसत नाही!